चार दिवसांचं सरकार आणि त्याचा शिक्षणमंत्री

आपल्याकडे १९९६ साली तेरा दिवसांचं सरकार होऊन गेलं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. अल्पायुषी सरकार म्हटलं की आपण तेच उदाहरण देतो. पण १९४४ साली युरोपात एक सरकार असं झालं, की त्याच्यापुढे आपले तेरा दिवस म्हणजे दीर्घायुष्यच म्हणायचं! सोमवारी, १८ सप्टेंबरला ते स्थापन झालं आणि शुक्रवारी, २२ सप्टेंबरला संपलं. शाळेचा एक आठवडासुद्धा पुरा नाही. शनिवारची सकाळची शाळा राहिलीच.

देश एस्टोनिया, राजधानी टॅलिन. जर्मन सैन्य बंदरातून जहाजं भरभरून निघालेलं, पूर्वेकडून रशियन रणगाडे येताहेत, आणि मधल्या मोकळ्या वेळात काही वकील आणि प्राध्यापक मंडळी बसून मंत्रिमंडळ बनवताहेत. त्या मंत्रिमंडळाची यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा एका नावाशी थबकले. संरक्षणमंत्री असणार, हे ठीक. परराष्ट्रमंत्रीही ठीक. पण या यादीत अर्थमंत्री होता, शेतीमंत्री होता, वाहतूकमंत्री होता, आणि चक्क शिक्षणमंत्रीही होता! त्याचं नाव आर्नोल्ड सुसी.

सारी हयात शाळेत गेल्यामुळे माझं कुतूहल तिथेच अडकलं. चार दिवसांत शत्रू दारात येणार हे दिसत असताना शिक्षणमंत्री कशाला नेमायचा? तो काय करणार होता? वर्गात मुलं नाहीत, मास्तर सैन्यात नाहीतर जंगलात, अर्ध्या शाळांमध्ये सैनिकांचा मुक्काम. या प्रश्नाचा माग काढत मी बरंच वाचत गेले, ते आज तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

आधी थोडा नकाशा बघू. (इतिहासाच्या तासाला नकाशा टांगल्याशिवाय मी कधी बोललेली नाही, माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.) बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर तीन छोटे देश एकाखाली एक आहेत. सर्वांत वर एस्टोनिया, मधे लॅटव्हिया, खाली लिथुआनिया. एस्टोनियाचं क्षेत्रफळ आपल्या विदर्भाच्या निम्म्याहूनही कमी. लोकसंख्या दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जेमतेम अकरा लाख. वर खाडीपलीकडे फिनलंड. माझी एक भाची हेलसिंकीला असते. ती सांगते की सकाळी बोटीत बसलं की दोन तासांत टॅलिन, आणि संध्याकाळी घरी जेवायला परत. देश इतका जवळ, पण आमच्या पाठ्यपुस्तकात त्याच्या वाट्याला एक ओळ यायची, तीसुद्धा इतर दोघांच्या बरोबरीने: ‘रशियाने बाल्टिक राष्ट्रे ताब्यात घेतली.’ मीही ती ओळ वर्षानुवर्षं शिकवली. परीक्षेत त्यावर कधी प्रश्न आला नाही.

या देशाचं दुर्दैव त्याच्या जागेत होतं. एका अंगाला रशिया, दुसऱ्या अंगाला समुद्रापलीकडून येणारा जर्मनी. दोन म्हशींच्या झुंजीत झुडपांचा चुराडा, तसली गत. पण याच जागेने त्यांना एकदा स्वातंत्र्यही दिलं होतं, आणि ती हकिगत सांगितल्याशिवाय १९४४ ची कळत नाही.

पहिलं महायुद्ध, फेब्रुवारी १९१८. रशियात क्रांती झालेली, रशियन सैन्य माघार घेत होतं आणि जर्मन पुढे येत होते. एक जण गेलाय आणि दुसरा अजून पोचलेला नाही, अशी मधली फट एस्टोनियन नेत्यांनी हेरली आणि २४ फेब्रुवारी १९१८ ला टॅलिनमध्ये स्वातंत्र्याची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला, जर्मन सैन्य टॅलिनमध्ये शिरलं! म्हणजे स्वातंत्र्य एका दिवसाचं. कोणीही म्हणालं असतं, काय पोरखेळ आहे. पण नऊ महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये जर्मनी युद्ध हरला आणि जर्मन निघून गेले. मग रशियाच्या लाल सैन्याशी लढून एस्टोनियाने ते एका दिवसाचं स्वातंत्र्य खरं करून दाखवलं. २ फेब्रुवारी १९२० ला तार्तू शहरात तह झाला आणि सोव्हिएत रशियाने एस्टोनियाचं स्वातंत्र्य मान्य केलं. आजही त्यांचा स्वातंत्र्यदिन २४ फेब्रुवारीच आहे. तहाचा दिवस त्यांनी धरला नाही, त्या एका दिवसाच्या घोषणेचा धरला.

ही गोष्ट ज्यांनी तरुणपणी डोळ्यांनी पाहिली, तीच माणसं १९४४ मध्ये पन्नाशीत होती. ऑटो टीफ हे त्यातलेच. जन्म १८८९ चा, पेशाने वकील, स्वातंत्र्ययुद्धात लढलेले, पुढे दोनदा मंत्री झालेले. अशा माणसाला ‘दोन सैन्यांच्या मधली फट’ हा शब्दप्रयोग समजावून सांगावा लागत नाही.

मधल्या काळात काय घडलं ते थोडक्यात सांगते. २३ ऑगस्ट १९३९ ला हिटलर आणि स्टालिन यांचा करार झाला. त्याच्या गुप्त कलमांत पूर्व युरोपची वाटणी होती आणि एस्टोनिया रशियाच्या वाट्याला गेला होता. महिन्याभरात रशियाने तिथे लष्करी तळ मागून घेतले आणि जून १९४० मध्ये अंतिमोत्तर देऊन सगळा देश ताब्यात घेतला. राष्ट्राध्यक्ष कॉन्स्टान्टिन पॅट्स यांच्याकडून आपल्या मर्जीतल्या माणसाची पंतप्रधान म्हणून नेमणूक करून घेतली, जुलैत एकाच यादीची ‘निवडणूक’ केली आणि ६ ऑगस्टला देश सोव्हिएत संघात विलीन करून टाकला. पॅट्सना रशियात नेलं. ते १९५६ साली तिकडेच एका मनोरुग्णालयात वारले. १४ जून १९४१ ला एका रात्रीत सुमारे दहा हजार माणसं घरांतून उचलून मालगाड्यांत घातली. त्यात म्हातारेकोतारे आणि तान्ही मुलंसुद्धा होती.

त्यानंतर आठवड्याभरात हिटलर रशियावर उलटला आणि ऑगस्टअखेर टॅलिनमध्ये जर्मन आले. आदल्याच महिन्यात आप्तांच्या गाड्या सैबेरियाला जाताना पाहिलेल्या लोकांनी जर्मनांना फुलं दिली, यात मला नवल वाटत नाही. पण फुलं फार दिवस टिकली नाहीत. युरी उलुओट्स हे रशियन ताब्याआधीचे शेवटचे कायदेशीर पंतप्रधान. त्यांनी जुलै १९४१ मध्येच जर्मनांना निवेदन दिलं की आमचं स्वतंत्र सरकार पुन्हा उभं राहू द्या. जर्मनांनी ते साफ नाकारलं. त्यांना हवा होता तो प्रांत, देश नव्हे. आणि या काळात जे झालं ते लपवून चालणार नाही. देशात मागे राहिलेल्या सुमारे एक हजार ज्यूंपैकी जवळपास सगळे मारले गेले, आणि त्या कामात स्थानिक पोलिसांचाही हात होता. पीडित माणसं पीडा देणाऱ्यांच्या रांगेतही उभी असू शकतात. इतिहास शिकवताना ही गोष्ट मुलांना सांगायला मला नेहमीच जड जायचं.

आता उलुओट्सविषयी. हा माणूस मूळचा कायद्याचा प्राध्यापक, तार्तू विद्यापीठातला. कायद्याच्या माणसाची एक खोड असते. घर जळत असलं तरी तो आधी सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघतो! एस्टोनियाच्या १९३८ च्या राज्यघटनेत तरतूद होती की राष्ट्राध्यक्ष काम करू शकत नसेल तर त्याची कर्तव्यं पंतप्रधानाकडे येतात. मग प्रश्न असा की १९४० मध्ये दडपणाखाली नेमलेला पंतप्रधान खरा की त्याच्या आधीचा उलुओट्स खरा? २० एप्रिल १९४४ ला, जर्मनांच्या नाकाखाली, टॅलिनमध्ये काही मंडळींची गुप्त बैठक झाली. राज्यघटनेत या कामासाठी जे निवडमंडळ सांगितलं होतं, त्याच्या नात्याने ते बसले आणि त्यांनी ठरवलं की ती नेमणूक बेकायदा होती, म्हणून २१ जून १९४० पासून राष्ट्राध्यक्षाची कर्तव्यं उलुओट्स यांच्याकडेच आहेत.

विचार करा मंडळी. देशावर परक्यांचं राज्य, पकडले गेलो तर तुरुंग नाहीतर गोळी, आणि ही माणसं कलमांचा कीस काढताहेत! मला आधी हसू आलं होतं. पुढे त्याचा अर्थ कळत गेला.

उलुओट्स यांचा एक निर्णय मात्र माझ्या मनाला अजून टोचतो. फेब्रुवारी १९४४ मध्ये रशियन सैन्य पुन्हा सीमेवर, नार्व्हा शहरापाशी आलं. जर्मनांनी सैन्यभरती पुकारली होती. आधी भरतीच्या विरोधात असलेल्या उलुओट्सनी ७ फेब्रुवारीला रेडिओवर भाषण करून तरुणांना भरती व्हायला सांगितलं. सुमारे अडतीस हजार तरुण आले. त्यांच्या अंगावर गणवेश जर्मन, हुकूम जर्मन. उलुओट्सचा हिशेब असा होता की रशियनांना काही महिने थोपवलं तर तेवढ्यात १९१८ सारखी फट मिळेल, आणि हातात आपली माणसं, आपल्या बंदुका असतील. नार्व्हाची आघाडी खरोखरच जुलैअखेरपर्यंत टिकली. पण त्यासाठी किती मुलं गेली! आणि ज्याच्या बाजूने ती लढली तो हिटलर होता. वाघापासून वाचायला अस्वलाच्या गुहेत शिरावं, तसा हा प्रकार. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, याचं उत्तर मला देता येत नाही.

आणखी एक आशा होती, ती पश्चिमेकडची. ऑगस्ट १९४१ मध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद जाहीर केली होती. ज्यांचं स्वराज्य हिरावलं गेलं त्यांना ते परत मिळावं, असं त्यात लिहिलं होतं. एस्टोनियन मंडळींनी ती ओळ उराशी धरली. १९४३ च्या अखेरीस तेहरानच्या बैठकीत बाल्टिक देशांसाठी रशियाशी युद्ध करायचा आपला विचार नाही, असं रूझवेल्ट स्टालिनला सांगून बसले होते, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

सप्टेंबर १९४४ उजाडला. फिनलंडने रशियाशी युद्ध थांबवलं. १६ तारखेला हिटलरने एस्टोनियातून माघार घ्यायला संमती दिली आणि १७ ला रशियनांची मोठी चढाई सुरू झाली. १८ ला उलुओट्सनी, राष्ट्राध्यक्षाच्या जागी काम करणारे पंतप्रधान म्हणून, नवं सरकार नेमलं. ऑटो टीफ उपपंतप्रधान आणि गृहमंत्री. परराष्ट्रमंत्री ऑगस्ट रेई, ते स्टॉकहोममध्ये होते. सेनापती यान माइडे. शिक्षणमंत्री आपले सुसी.

सरकारने काय केलं? पहिलं काम म्हणजे राजपत्र छापलं. ‘रीगी टेयाताया’ हे त्यांच्या राजपत्राचं नाव. अंक पहिला, तारीख १८ सप्टेंबर १९४४, आत मंत्र्यांच्या नेमणुका. आपल्याकडे गॅझेट म्हटलं की नावात बदल केल्याची जाहिरात आठवते. यांनी गॅझेटात देशाचं जुनंच नाव पुन्हा छापलं. दुसरं काम, रेडिओवरून इंग्रजीत जगाला कळवलं की या युद्धात एस्टोनिया तटस्थ आहे. तिसरं काम २० सप्टेंबरचं. टॅलिनमध्ये टूमपेआ नावाची टेकडी आहे, तिच्यावर किल्ला, आणि किल्ल्याला ‘पिक्क हेरमन’ म्हणजे ‘उंच हेरमन’ नावाचा बुरूज. या बुरुजावर ज्याचं निशाण त्याचं राज्य, असा तिथला शतकानुशतकांचा समज. त्या बुरुजावर निळा-काळा-पांढरा एस्टोनियन झेंडा चढला. खाली बंदरात जर्मन अजून जहाजं भरतच होते. त्यांच्याशी एस्टोनियन सैनिकांच्या चकमकीही झाल्या.

हे सगळं वाचताना ऊर भरून येतो, खोटं कशाला बोलू? पण याच दिवसांतली आणखी एक तारीख सांगितली नाही तर मी अर्धाच इतिहास सांगितल्यासारखं होईल. १९ सप्टेंबर १९४४. टॅलिनच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर क्लोगा नावाच्या गावी जर्मनांची श्रमछावणी होती. तिथल्या कैद्यांत बहुतेक ज्यू होते, लिथुआनियातल्या व्हिल्नियसच्या वस्तीतून आणलेले. पळून जाण्यापूर्वी जर्मनांनी त्या दिवशी तिथल्या सुमारे दोन हजार कैद्यांना ठार मारलं आणि लाकडांच्या चळतींवर प्रेतं रचून पेटवून दिली. रशियन सैनिक आले तेव्हा त्या चिता विझल्याही नव्हत्या.

म्हणजे १८ ला सरकार, १९ ला क्लोगा, २० ला झेंडा. ज्या देशाचं सरकार स्थापन झालं होतं, त्याच देशाच्या भूमीवर, त्याच सरकारच्या कारकिर्दीत हे घडलं, आणि ते थांबवायला त्याच्या हातात काहीही नव्हतं. कागदावरचं सरकार म्हणजे काय, ते या एका तारखेवरून कळतं. टीफ सरकारची गोष्ट ज्यांना केवळ वीरगाथा म्हणून सांगायची असते ते ही तारीख गाळतात. आणि हे सरकार म्हणजे नाझींचं पिल्लू असं ज्यांना म्हणायचं असतं ते २० तारखेचा झेंडा गाळतात. दोन्ही एकाच आठवड्यातल्या आहेत, शेजारीशेजारीच ठेवायला हव्यात.

शेवट लवकरच आला. योहान पिटका नावाचे एक निवृत्त ॲडमिरल, वय वर्षं ७२, स्वातंत्र्ययुद्धाचे जुने वीर, काही माणसं गोळा करून रशियनांना अडवायला निघाले आणि त्या सप्टेंबरात कायमचे बेपत्ता झाले. (बहात्तर म्हणजे माझ्याच वयाची माणसं! मला जिना चढताना कठडा लागतो.) २२ सप्टेंबरला रशियन सैन्य टॅलिनमध्ये शिरलं. पिक्क हेरमनवरचा एस्टोनियन झेंडा उतरला आणि लाल झेंडा चढला. तो चढवणारे लाल सैन्यातल्या एस्टोनियन दलाचे सैनिक होते. एका भाषेची मुलं, एकाच बुरुजावर, दोन दिवसांच्या अंतराने दोन झेंडे.

मंत्री पश्चिम किनाऱ्याकडे निघून गेले होते. पोगारी नावाच्या खेड्यात एक छोटं प्रार्थनाघर आहे. तिथे २२ सप्टेंबरला मंत्रिमंडळाची शेवटची बैठक झाली. पुइसेच्या किनाऱ्यावरून बोटीने स्वीडनला जायचं ठरलं होतं. सरकार परदेशात गेलं तर जिवंत राहिलं असतं. पण ठरलेली बोट आलीच नाही. मंत्री किनाऱ्यावर वाट पाहत राहिले आणि मग पांगले.

आजारी उलुओट्सना आधीच स्वीडनला पोचवलं होतं. ते ९ जानेवारी १९४५ ला स्टॉकहोममध्ये कर्करोगाने गेले. मंत्र्यांपैकी थोडेच समुद्रापार निसटले, बरेचसे पकडले गेले. टीफ १० ऑक्टोबर १९४४ ला सापडले आणि त्यांना दहा वर्षं सैबेरियाची शिक्षा झाली. सेनापती माइडेंना १९४५ मध्ये मॉस्कोत गोळी घातली. टीफ शिक्षा भोगून सुटले तरी त्यांना मायदेशी राहू देत नव्हते. ते १९७६ साली वारले ते आइनाझी या गावी. हे गाव लॅटव्हियात आहे, एस्टोनियाच्या अगदी हद्दीवर. म्हणजे देशाच्या उंबरठ्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. १९९३ मध्ये त्यांचे अवशेष टॅलिनच्या दफनभूमीत मानाने आणले गेले.

आणि शिक्षणमंत्री? सुसींनाही मॉस्कोला नेलं, लुब्यांकाच्या कुप्रसिद्ध तुरुंगात. १९४५ च्या सुरुवातीला त्याच कोठडीत एक तरुण रशियन तोफखान्याचा अधिकारी आणून टाकला. वय २६, पक्का कम्युनिस्ट विचारांचा, फक्त मित्राला लिहिलेल्या पत्रात स्टालिनवर टीका केली म्हणून पकडलेला. त्याचं नाव अलेक्झांडर सोल्झेनित्सिन. लोकशाही म्हणजे काय, निवडणूक, संसद, स्वतंत्र न्यायालय या गोष्टी प्रत्यक्षात कशा चालतात, हे त्या तरुणाने पहिल्यांदा ऐकलं ते या एस्टोनियन वकिलाकडून. पुढे ‘गुलाग आर्किपेलॅगो’मध्ये त्याने सुसींविषयी लिहिलंही आहे.

चार दिवसांच्या शिक्षणमंत्र्याला एकही शाळा मिळाली नाही, पण विद्यार्थी मिळाला, आणि तोही असा! छावणी आणि सैबेरियातली हद्दपारी भोगून सुसी १९६० च्या सुमारास मायदेशी परतले. सोल्झेनित्सिन त्यांना विसरले नव्हते. १९६५-६६ आणि १९६६-६७ असे दोन हिवाळे त्यांनी तार्तूजवळच्या एका शेतघरात लपून ‘गुलाग’चं लेखन केलं. जागेची सोय सुसींच्या ओळखीतून झाली होती आणि सुसींची मुलगी हेली हिने त्या कामात मदत केली. सोव्हिएत सत्तेच्या मुळावर आलेलं ते पुस्तक असं एस्टोनियात लिहिलं गेलं. सुसी १९६८ मध्ये गेले. १९७३ मध्ये पॅरिसला पुस्तक छापून आलं, ते त्यांनी पाहिलं नाही. शिक्षकाचं बहुधा असंच असतं. पेरायचं आपण, पीक दुसऱ्यांनी बघायचं.

आता प्रश्न उरतो की या चार दिवसांनी साधलं काय? सरकार लढाई जिंकलं नाही, माणसं वाचवू शकलं नाही, स्वतःही वाचलं नाही. त्या वर्षी सत्तर-ऐंशी हजार लोक बोटींतून पश्चिमेकडे पळाले. मार्च १९४९ मध्ये आणखी वीस हजारांवर माणसं सैबेरियाला गेली.

साधलं ते कागदावर, आणि ते कळायला सत्तेचाळीस वर्षं लागली. उलुओट्स गेल्यावर परदेशातल्या रेई यांनी त्यांची जागा घेतली. १९५३ मध्ये ऑस्लोत परागंदा सरकार स्थापन झालं. त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. अमेरिकेने मात्र १९४० पासूनच एस्टोनियाचं विलीनीकरण मान्य केलेलं नव्हतं, त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये एस्टोनियाची वकिलात सगळी वर्षं चालू राहिली. २० ऑगस्ट १९९१ ला मॉस्कोत बंड चालू असताना टॅलिनच्या विधिमंडळात ६९ सदस्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं. हीसुद्धा एक फटच, या वेळी मॉस्कोच्या दोन सत्तांमधली! पण या ठरावात नवा देश जन्माला घातलेला नाही. १९१८ चाच देश पुढे चालू आहे, मधली वर्षं परक्यांच्या ताब्याची, अशी त्यांची भूमिका. ८ ऑक्टोबर १९९२ ला परागंदा सरकारचे हाइनरिख मार्क टॅलिनला आले आणि त्यांनी नव्या राष्ट्राध्यक्षांकडे, लेन्नार्ट मेरींकडे, आपले अधिकार सोपवले. हे मेरी म्हणजे १९४१ च्या जूनमध्ये सैबेरियाला नेलेल्या मुलांपैकी एक. तेव्हा ते बारा वर्षांचे होते.

पॅट्स, मग उलुओट्स, मग टीफ सरकार, मग परागंदा सरकार, मग मेरी. या साखळीतली १९४४ ची कडी नसती तर साखळी तुटली असती. आपल्या भारताचाही यात एक धागा आहे. २२ सप्टेंबर १९२१ ला एस्टोनिया राष्ट्रसंघात दाखल झाला, तेव्हा ब्रिटिश अमलाखालचा भारतही राष्ट्रसंघाचा सदस्य होता आणि भारताची एस्टोनियाला मान्यता तेव्हापासूनची. सप्टेंबर १९९१ मध्ये भारताने ती पुन्हा दिली.

या साखळीची किंमतही होती, तीही सांगायला हवी. देश जुनाच म्हटल्यावर नागरिक कोण? १९४० पूर्वीचे नागरिक आणि त्यांचे वंशज. मग सोव्हिएत काळात कारखान्यांत कामाला आलेले, तिथेच मुलंबाळं झालेले लाखो रशियन भाषिक? १९३४ च्या जनगणनेत देशात एस्टोनियन ८८ टक्के होते, १९८९ मध्ये ते सुमारे ६२ टक्क्यांवर आले होते. १९९२ मध्ये देशातली सुमारे एक तृतीयांश माणसं एकाएकी कुठल्याच देशाची नागरिक नाहीत, अशी झाली. पुढे बऱ्याच जणांनी भाषेची परीक्षा देऊन नागरिकत्व घेतलं, काहींनी रशियाचं घेतलं. पण ज्या कागदाने एकाला घर परत दिलं, त्यानेच शेजाऱ्याला दारात उभं केलं.

हा वाद दगडधोंड्यांपर्यंत गेला. २२ सप्टेंबर १९४७ ला टॅलिनमध्ये सोव्हिएत सैनिकाचा एक ब्राँझचा पुतळा उभारला होता, ‘टॅलिनच्या मुक्तिदात्यांचं स्मारक’ म्हणून. रशियन भाषिकांच्या आजोबांनी नाझींना हरवलं, ही त्यांच्या घरातली खरी आठवण. क्लोगाच्या चिता आठवल्या की ती खोटी म्हणता येत नाही. एस्टोनियन म्हणतात, टॅलिनमध्ये तुम्ही मुक्त केलंत ते कुणापासून? जर्मन तर जाऊन चुकले होते, बुरुजावर आमचा झेंडा होता, तुम्ही उतरवलात तो आमचा! एप्रिल २००७ मध्ये सरकारने तो पुतळा शहराच्या मध्यातून लष्करी दफनभूमीत हलवला. दोन रात्री दंगल झाली आणि एक तरुण मेला. त्याच वर्षी २२ सप्टेंबर हा दिवस एस्टोनियाने प्रतिकारदिन म्हणून जाहीर केला. बुरुजावर जेमतेम दोन दिवस फडकलेलं ते कापड त्रेसष्ट वर्षांनीही माणसांना रस्त्यावर उतरवत होतं.

तर मंडळी, शिक्षणमंत्री कशाला, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं. नुसता संरक्षणमंत्री असता तर ती लढणाऱ्यांची टोळी ठरली असती. शेती, रस्ते, शाळा यांचे मंत्री नेमले म्हणजे सांगितलं की हा देश आहे, इथे उद्या पेरण्या होणार आहेत आणि सकाळी घंटा वाजून वर्ग भरणार आहेत.

आमच्या शाळांत हजेरीपटाचा एक नियम असे. मूल गैरहजर असेल तर नावापुढे खूण करायची, पण नाव कमी करायचं नाही. एकदा पटावरून नाव कमी झालं की पुन्हा दाखला, पुन्हा अर्ज, पुन्हा पहिल्यापासून प्रवेश. नाव पटावर असलं तर मात्र किती का दिवसांनी येईना, मूल येऊन आपल्या बाकावर बसू शकतं. टीफ, सुसी आणि त्यांच्या सोबत्यांना देशाला वर्गात हजर ठेवता आलं नाही. त्यांनी एवढंच केलं, की पटावरून त्याचं नाव कमी होऊ दिलं नाही.